लेकराला घोड्यावर एकटं कधी सोडायचं? घरी घोडं असणाऱ्यांसाठी सविस्तर

माळेगावची (नांदेडकडची, घोडेबाजाराची) यात्रा उरकली की पुढचे दोन-तीन महिने आमच्याकडं हाच विषय असतो. कुणीतरी हौसेनं घोडं आणलेलं असतं, लेकरू महिन्याभरात पाठीवर बसायला शिकतं, मग दुडकी, मग पळवायला लागतं, रील बनते, पाहुणे वाहवा करतात, आणि एक दिवस लेकरू म्हणतं पप्पा मी एकटाच शेतात जाऊन येतो. मग बापाचा फोन येतो, "दादा, बारा वर्षांचाय, झ्याक पळवतो, जाऊ द्यावं का?"

मी उलट एकच विचारतो. घोडं अडलं, बुजलं, पुढं काही भलतंच दिसलं तर पोरगं आपणहून खाली उतरतं का? आणि उतरून लगाम धरून चालत पुढं जातं का? बापाला बहुतेक वेळा हे माहीतच नसतं, कारण चढायला शिकवलेलं असतं, पळवायला शिकवलेलं असतं, उतरायला कुणी शिकवत नाही. एकटं जायची तयारी म्हणजे माझ्या लेखी हीच, वेळेत उतरायची अक्कल. मांड, चाल, लगाम हे सगळं लागतंच, पण ते शिकवून येतं.

खाली जे लिहिलंय ते आपल्या इकडच्या शिवाराला धरून लिहिलंय, काळी जमीन, बांध, ओढे, उसाच्या ट्रॉल्या वगैरे. क्लबच्या वाळूच्या रिंगणात शिकणाऱ्या लेकरांचं गणित वेगळं असतं.

वयाचं काय

गाडीला लायसन लागतं, घोड्याला लागत नाही, त्यामुळं कोण अडवणार नाही आणि म्हणूनच घरच्यांनी अडवायचं असतं. माझा आपला हिशोब असा: १२ च्या आत एकटं अजिबात नाही, कितीही चांगलं बसत असलं तरी. १२ ते १४, स्वतःच्या शिवारात, तेही कुणाच्या तरी नजरेच्या टप्प्यात. १४ नंतर ठरलेल्या ओळखीच्या वाटेनं. डांबरी रस्ता ओलांडून जायचं असेल तर १६ च्या पुढंच. पण हे वय म्हणजे नुसतं दार आहे, ते लागलं की आत जायचंच असं नाही. माझ्या ओळखीत १५ वर्षांचा एक पोरगा आहे, मांड अशी घट्ट की मोठ्यांनी बघत राहावं, तरी त्याच्या घरच्यांना मी नको म्हणलं. कारण ओढ्याजवळ घोडी अडली की हा तिला टाचा मारत बसतो, खाली उतर म्हणलं तर म्हणतो, "माणसं बघायलेत ना, हसतेत." ज्याला माणसांची लाज घोडीच्या भीतीपेक्षा मोठी वाटते त्याला एकटं सोडायचं नसतं.

मुलगी आहे म्हणून नको असं काही नाही. उलट माझा अनुभव असा की मुली घोड्याचं जास्त ऐकतात, पोरं घोड्याला ऐकवत बसतात. मुलीसाठी वाट ठरवताना फक्त घोड्याचा विचार करून भागत नाही, वाटेवर माणसांची वर्दळ कशी आहे तेही बघावं लागतं, पण तो विचार आपण सायकलवर पाठवतानाही करतोच की.

पहिलं काम, घोडं तपासा

लेकरू तयार आहे का हा अर्धाच प्रश्न झाला. हे लेकरू, हे घोडं आणि ही वाट, तिन्हींची जोडी जमली का असं बघायचं. मामाच्या गावच्या म्हाताऱ्या घोडीवर जे पोरगं आरामात फिरतं तेच पोरगं नवीन आणलेल्या घोड्यावर तयार नसतं.

एकटं जाणाऱ्या लेकराला ८ वर्षांच्या पुढचं घोडं बघा, १५-१६ वर्षांचं असलं तरी उत्तम. घोडं २५ वर्षं सहज जगतं, त्यामुळं १५ म्हणजे म्हातारं नव्हे. चार वर्षांचं शिंगरूपण न गेलेलं घोडं लेकराला द्यायचं नाही, दोघंही नवखे असले की कुणी कुणाला सांभाळायचं? नर घोडा तर नकोच. शेजारच्या वाडीत घोडी माजावर आली की तो कुणाचाच नसतो. घोडी किंवा खच्ची केलेला घोडा बरा. उंचीही बघा. घोड्याच्या मापातला एक हात म्हणजे ४ इंच, म्हणून १५ हातांचं घोडं म्हणजे ६० इंच, खांद्यापाशीच ५ फूट, त्याच्यावर लेकराचं डोकं सात फुटांवर जातं. १३ हातांच्या आसपासचं तट्टू असलं की पडलं तरी कमी उंचीवरून पडतं आणि मुख्य म्हणजे लेकराला एकट्यानं परत चढता येतं.

आता इकडची खास गोष्ट. आपल्याकडं विकायला येणारी बरीच घोडी वरातीतली, नाचायला शिकवलेली असतात. दिसायला राजबिंडी, माणसाळलेली, डीजेला न भिणारी, म्हणून घरच्यांना वाटतं लेकरासाठी एकदम बेस्ट. पण नाचायला शिकवताना लगामाच्या हिसक्यावर पाय उचलायची, मागच्या दोन पायांवर उभं राहायची सवय लावलेली असते. लेकरू घाबरून लगाम हिसकतं आणि घोडी त्याला हुकूम समजून उभी राहते. तसंच शर्यतीतून काढलेलं घोडं. मागून मोटारसायकल आली, कुणी शिट्टी मारली की ते निघालंच. असं घोडं वाईट नसतं, पण त्याची जुनी सवय उतरवायला जाणत्या माणसाला कित्येक महिने लागतात आणि तोवर लेकरानं त्याच्यावर एकटं जायचं नाही. विकणाऱ्याला सरळ विचारा, वरातीत होतं का, शर्यतीत होतं का. आणि यात्रेत गरीब दिसलं म्हणून विश्वास ठेवू नका, प्रवासानं दमलेलं, अर्धपोटी घोडं गरीबच दिसतं. घरी आणून पोटभर चंदी मिळून पंधरा-वीस दिवस झाले की त्याचा खरा स्वभाव बाहेर येतो.

मारवाडी, काठेवाडी घोड्यांत रवाल चालीची घोडी मिळतात. हादरे बसत नाहीत, पाण्यासारखी चाल, लेकरं खूश होतात. त्यात एक गोम आहे, वेग वाढलेला लेकराला कळत नाही. दुडकीत हाडं खिळखिळी होतात त्यामुळं आपोआप लगाम ओढला जातो, रवालीत तसं होत नाही. म्हणून रवाल घोडीवर शिकणाऱ्याला कदमावर (साध्या चालीवर) परत आणायची सवय मुद्दाम लावावी लागते.

घोडं कळपाचं जनावर आहे. दावणीतून जोडीदाराला सोडून एकटं निघायला काही घोडी तयारच नसतात, खिंकाळतात, गोल फिरतात, घराकडं तोंड झालं की सुटतात. हे आधी मोठ्या माणसानं बसून तपासायचं. मोठ्या माणसाला एकटं जाऊन शांतपणे परत आणता येत नाही अशा घोड्यावर लेकरू पाठवायचा प्रश्नच येत नाही.

दुसरं, जमिनीवरची कामं

पाठीवर काय येतं ते नंतर. आधी दावणीपाशी उभं राहून बघा. लेकराला आगाडी-पछाडी (घोडं बांधायच्या पुढच्या-मागच्या दोऱ्या) नीट सोडता येते का, पछाडी आधी आणि मग आगाडी. मोरकी (तोंडाची दोरी) घालता येते का. खरारा करताना मागून जाताना एक हात पुठ्ठ्यावर ठेवून, बोलत बोलत जातं का? घोड्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं पण अगदी मागचं आणि कपाळासमोरचं दिसत नाही, तिथून कुणी अचानक आलं की लाथ बसते. चारी खूर उचलून खडा काढता यायला पाहिजे, कारण नाल आणि खुराच्या मधे गिट्टी अडकली की घोडं लंगडतं आणि तिथं मदतीला कोण नसतं.

खोगीर स्वतः बांधता आलं पाहिजे. मोठ्यानं बांधून दिलेल्या खोगिरावर एकटं जाणं मला मान्य नाही. तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना घोडं पोट फुगवतं, दहा मिनिटं चालल्यावर तोच तंग ढिला होतो, मग खोगीर लेकरासकट पोटाखाली फिरतं. म्हणून थोडं चालून परत एकदा आवळायचा.

मी याची परीक्षा न सांगता घेतो. लेकरू लगाम आणायला गेलं की तंग दोन घरं ढिला करून ठेवायचा आणि गप उभं राहायचं. पाय रिकिबीत (पाय ठेवायच्या कडीत) घालायच्या आधी ज्याचा हात आपोआप तंगाखाली जातो, दोन बोटं घालून बघतो, ते लेकरू शिकलेलं. जे थेट रिकिबीत पाय घालतं त्याला तिथंच थांबवायचं, रागवायचं नाही, फक्त तंग दाखवायचा आणि त्या दिवशी एकटं जाणं कॅन्सल. चार-सहा वेळा असं झालं की सवय लागते. एकदा लगामाची पट्टी पिळून ठेवून बघा, एकदा रिकिबी खालीवर करून ठेवा. लेकरांना नंतर ह्याची मजा वाटायला लागते, आधीच हसत हसत शोधतात की आज काय करून ठेवलंय.

घोड्याचे कानही वाचता यायला पाहिजेत. कान पुढं ताठ म्हणजे काहीतरी दिसलंय, मागं चिकटवले म्हणजे चिडलंय, एक इकडं एक तिकडं म्हणजे ऐकायलंय. लेकराला बसल्या बसल्या विचारत राहायचं, कान काय म्हणायलेत? ज्याचं लक्ष कानांवर आहे त्याला बुजायच्या दोन सेकंद आधी कळतं, आणि मांड सावरायला तेवढे दोन सेकंद पुरतात.

तिसरं, रिकाम्या रानातला सराव

सोयाबीन निघालं की रान मोकळं होतं, तिथं शिकवा. ताज्या नांगरलेल्या ढेकळात नको, पाय मुरगळतो. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला पडलेल्या भेगांतही नको, खूर अडकला तर घोड्याचाच पाय जातो.

लेकराला कदमावर चालवता आणि थांबवता येणं, दुडकीत तोल न जाता वळवता येणं, आणि पळतीवरून परत कदमावर आणता येणं, एवढं पक्कं पाहिजे. पळवता येणं ह्याला मी मार्क देत नाही. कुणीही पळवतं, घोडंच पळतं.

थांबवण्याचं नीट समजून घ्या. घोडं साडेतीनशे-चारशे किलोचं आणि लेकरू ३५-४० किलोचं, दोन्ही लगाम ओढून ताकदीनं ते थांबणारच नाही, उलट तोंडात दुखलं की जास्त पळतं. उधळलेल्या घोड्याला एका लगामानं हळूहळू गोलात घ्यायचं, आधी मोठा गोल मग लहान, वेग आपोआप उतरतो. एकदम तोंड फिरवलं तर भरधाव घोडं कोलमडतं, म्हणून हे आधी कदमावर, मग दुडकीत, शेकडो वेळा घोटायचं, दोन्ही बाजूंनी. आणि लोखंडी काटे असलेला लगाम वापरून घोडं थांबवायचा शॉर्टकट करू नका. जनावरांना काटेरी लगाम वापरायला १९६५ च्या केंद्राच्या नियमांनीच बंदी आहे, आणि नियम बाजूला ठेवला तरी तोंड फाटलेलं घोडं लेकराच्या हाताला कधीच शांत राहत नाही.

मागच्या पायांवर उभं राहिलं तर लगाम ढिला सोडून पुढं मानेवर झुकायचं, आयाळ धरायची. मागं झुकून लगामाला लोंबकळलं की घोडं पाठीवर पडतं, तेही लेकराच्या अंगावर. हे तोंडी सांगून ठेवा, मुद्दाम सराव करायची गोष्ट नाही ही.

चौथं, उतरणं (ह्याच्यावर सगळ्यात जास्त वेळ घाला)

पहिल्यांदा घोडं उभं असताना. दोन्ही पाय रिकिबीतून बाहेर, एकदमच, एक राहिला नाही पाहिजे. हात मानेवर टेकवायचे, अंग पुढं, पाय मागून फिरवून घोड्याच्या खांद्याशेजारी गुडघे वाकवून उतरायचं, तोंड पुढच्या बाजूला. मग तेच कदमावर चालत असताना. नंतर हळू दुडकीत. तुम्ही "उतर!" म्हणलं की लेकरू श्वास घ्यायच्या आत खाली पाहिजे. सगळ्यात वाईट अपघात पडण्याचा नसतो, फरफटण्याचा असतो, पाय रिकिबीत अडकून घोडं पळालं की मग काहीच हातात राहत नाही. म्हणून पडताना लगामही सोडून द्यायचा, घोडं जाऊ द्यायचं. लगाम मनगटाला गुंडाळणं, दोरी कमरेला बांधणं, लहान लेकराला पडू नये म्हणून खोगिराला ओढणीनं बांधणं, हे सगळं मी पाहिलेलं आहे आणि दिसलं की तिथंच सोडायला लावतो.

उतरून पुढं घोडं कसं न्यायचं तेही शिकवा. एरवी घोड्याच्या डाव्या खांद्यापाशी चालायचं, पुढून ओढायचं नाही. ज्या गोष्टीला ते भितंय ती गोष्ट आणि घोडं ह्यांच्या मधे आपण राहायचं, कारण घोडं भीतीपासून लांब उडी मारतं. आपण त्या गोष्टीच्याच बाजूला असलो तर ते आपल्यापासून लांब जातं. आपण पलीकडच्या बाजूला असलो तर ते अंगावर येतं. हे नीट वाचा, बऱ्याच जणांचं इथं उलटं होतं. म्हणजे जेसीबी उजवीकडं असेल तर आपणही घोड्याच्या उजव्या अंगाला जायचं, घोडं डावीकडं उडू द्यायचं. पुढं जायला मागत नसेल तर तोंड त्या गोष्टीकडं करून लांबच उभं राहायचं, बघू द्यायचं, फुरफुरू द्यायचं. मान खाली आली की चला.

माझी पुतणी तेरा वर्षांची असतानाची गोष्ट. आम्ही मोटारसायकलवर लांब मागं होतो, तिला माहीत होतं पण वळून बघायचं नाही असं ठरलेलं. नालीचं काम चालू होतं आणि पाइपांच्या ढिगावर कुणीतरी निळी ताडपत्री टाकलेली, वाऱ्यानं फडफडत होती. घोडी तीस-चाळीस फुटांवर थांबली, कान ताठ. पोरगीनं एकदाच टाच लावली, घोडी मागं सरली, तशी ही लगेच खाली. लगाम धरून तिथंच उभी राहिली, घोडीच्या मानेवर खाजवत. कामावरच्या एका माणसाला म्हणाली, "मामा, त्येवढी ताडपत्री दाबून धरता का जरा?" त्यानं पाय दिला, ही चालत घोडी घेऊन गेली, पुढं बांधाजवळ घोडी उभी केली, बांधावर चढली आणि तिथून पाठीवर बसली. एवढंच. त्या दिवशी संध्याकाळी भावाला म्हणलं, आता जाऊ दे हिला.

बांधावरून चढणं हे मुद्दाम शिकवायचं. उतरलेल्या लेकराला परत चढता आलं नाही तर घरापर्यंत चालत यावं लागतं, यात वाईट काही नाही, पण चालत यायची भीती असली की लेकरं उतरायचंच टाळतात.

सामानाचं थोडक्यात

हेल्मेट घोडेस्वारीचंच. सायकलचं हलकं पडतं आणि मोटारसायकलचं लेकराच्या मानेला जड होतं, बाजूचं नीट दिसत पण नाही. महाग वाटतं, पण खोगिरावर चकचकीत झुली घेणाऱ्यांनी हे कारण सांगू नये. एकदा जोरात आपटलं की वरून चांगलं दिसलं तरी बदलायचं, आतला थर दबलेला असतो. पायात टाच असलेला बूट, चप्पल, सँडल, स्लीपर काही चालणार नाही. रिकीब बुटापेक्षा साधारण बोटभर रुंद पाहिजे, मोठ्या माणसाच्या रिकिबीत लेकराचा अख्खा पाय आरपार जातो आणि तिथंच फरफटण्याची सुरुवात होते. मोबाईल लेकराच्या अंगावर, चेन असलेल्या खिशात, खोगिराच्या पिशवीत नाही, पडल्यावर घोडं मोबाईल घेऊन घरी येईल आणि लेकरू रानात राहील. खोगिराला आतून एक पट्टी शिवून त्यावर घरचा नंबर लिहा.

लेकराचं धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय ना ते बघा, सरकारी वेळापत्रकात १० व्या आणि १६ व्या वर्षी असतं. लिदीत, तबेल्याच्या मातीत धनुर्वाताचे जंतू असतात. घोड्यालाही दरवर्षी ती लस पशुवैद्यकाकडून घ्या.

पाचवं, वाट

वाट लेकरानं निवडायची नाही, तुम्ही निवडायची, आणि आधी दोघांनी पायी चालून बघायची. पायी. मोटारसायकलवरून विहिरी दिसत नाहीत.

कठडा नसलेल्या विहिरी हा आपल्याकडचा जुना धोका. पावसाळ्यात भोवती गवत माजतं आणि काठ कळत नाही. नवीन धोका म्हणजे शेततळी. २०१६ ला 'मागेल त्याला शेततळे' आल्यापासून गावोगाव झालेत, त्यात प्लास्टिकचा कागद. घोड्याला पाणी दिसलं की ते वळतं, उतारावर खूर ठेवला की घसरून आत, आणि त्या कागदावरून ना घोड्याला वर येता येतं ना लेकराला. नियम करून टाका, पाणी फक्त हौदावर नाहीतर घरी. शेततळ्याच्या बांधावर घोडं चढवायचंच नाही.

झटका मशीनची तार. रोही (नीलगाय) आणि रानडुकरांसाठी बरेच जण लावतात, बारीक तार उन्हात दिसत नाही. कुठल्या कुठल्या शेताला आहे ते शेजाऱ्यांना विचारून लेकराला दाखवून ठेवा. एकदा झटका बसलेलं घोडं त्या वाटेला परत सरळ जात नाही. रोही स्वतः तुरीतून एकदम उठते तेव्हा मोठमोठ्या स्वारांची मांड सुटते, म्हणून दाट तुरीच्या आणि उसाच्या कडेनं कदमावरच जायचं.

कारखाने चालू झाले की दिवाळीनंतर ते मार्चपर्यंत उसाच्या ट्रॅक्टरचा रस्ता टाळायचा. मागं दोन ट्रॉल्या, वर ऊस बाहेर आलेला, टेप फुल आवाजात, ड्रायव्हरला मागचं काही ऐकू येत नाही. डांबरीवर आणि गावातल्या सिमेंट रोडवर नाल घसरतो, तिथं दुडकी सुद्धा नको. रस्ता ओलांडायचा तर खाली उतरून, दोन्ही बाजूंनी लांबपर्यंत बघून. ओढ्याला पाणी वाढलं असेल, पुलाची फरशी दिसत नसेल तर परत फिरायचं, यावर चर्चा नाही.

कुत्रं मागं लागलं तर पळवायचं नाही. घोडं कुत्र्याकडं तोंड करून उभं करायचं, बहुतेक कुत्री तिथंच थांबतात.

ऋतू. पावसाळ्यात काळ्या रानात घोडं रुततं, नाल निघून येतो, तेव्हा फक्त पांदीनं (शेतातल्या गाडीवाटेनं) किंवा मुरमाच्या रस्त्यानं. उन्हाळ्यात पारा ४२-४३ ला जातो, सकाळी साडेआठच्या आत घोडं दावणीला पाहिजे. आणि विजा. मान्सूनच्या आधी आणि परतीच्या पावसात आपल्याकडं विजा पडून माणसं, जनावरं दरवर्षी जातात. आभाळ गडगडायला लागलं की घोड्यावर बसून मोकळ्या रानात थांबणं म्हणजे सगळ्यात उंच आपणच. उतरायचं आणि पक्क्या घराकडं जायचं, झाडाखाली नाही. मोबाईलवर 'दामिनी' ॲप टाकून ठेवा, पुण्याच्या आयआयटीएम ह्या हवामान संस्थेचं आहे, आसपास वीज पडण्याची शक्यता असली की कळवतं. पोळा, दिवाळीचे फटाके, लग्नतिथी आणि निवडणुकीचा निकाल, ह्या दिवशी घोडं बाहेर नाही. निकालाच्या दिवशी तर कुठल्या पार्टीचं घोडं म्हणून गुलाल टाकतील त्याचा नेम नाही.

सहावं, सोडायचं कसं

एकदम दोर कापायचा नाही. आधी दुसऱ्या घोड्यावर मोठं माणूस पुढं आणि लेकरू मागं. मग लेकरू पुढं. ही पुढं-मागं अदलाबदल फार महत्त्वाची आहे, कारण मागं चालणारं घोडं पुढच्याच्या भरवशावर चालतं आणि पुढं आलं की त्याचा खरा रंग दिसतो. दुसरं घोडं नसेल तर सायकलवर किंवा पायी या.

त्यानंतर तुम्ही मागं, पण तोंड बंद. हे बापांना लई जड जातं. "लगाम धर, टाच दे, सरळ बस" चालूच असतं. गप राहून बघा, लेकरू अडचणीत स्वतः काय ठरवतं. मोटारसायकल असेल तर शंभर-दोनशे फूट मागं आणि हॉर्न नाही.

मग एका टोकाला तुम्ही, दुसऱ्या टोकाला लेकराची आई किंवा काका, मधे एकच वाट, लेकरू एकटं. सुरुवातीला अर्धा किलोमीटर पुरे. हे निवांत झालं, घोडंही कंटाळल्यासारखं चालायला लागलं, की मग आखाड्यावर (शेतातल्या गोठ्यावर) जाऊन परत येणं. परतीचा शेवटचा टप्पा कायम कदमावर, घराकडं तोंड असताना एकदा जरी पळवलं तरी घोडं ते विसरत नाही, दुसऱ्या दिवशी स्वतःच पळतं.

एकटं निघताना कुठून जाणार, किती वाजता येणार हे सांगून जायचं, वाट बदलायची नाही, सोबत दुसरं लेकरू पाठीमागं बसवायचं नाही. व्हॉट्सॲपवर एक तासाचं लाइव्ह लोकेशन टाकायचं, पण शिवारात रेंज जाते म्हणून ठरलेली वेळच खरी. वेळ टळून पंधरा मिनिटं झाली की मोठ्यांनी निघायचं, आणखी थोडं बघू म्हणायचं नाही.

आल्यावर लेकराला विचारा, आज काय झालं? पडलं असेल, घोडं सुटलं असेल, भिलं असेल, तर ते खरं सांगतं का ही माझ्या लेखी शेवटची परीक्षा. आणि ती खरं तर आपली असते. पडलेलं सांगितल्यावर घोडं विकायची धमकी दिली तर पुढच्या वेळी लेकरू चिखल झटकून, हातपाय धुऊन घरात येणार आणि तुम्हाला काहीच कळणार नाही. पडणं लपवणारं लेकरू एकटं पाठवता येत नाही, मग स्वारी कितीही चांगली असो.

पडलंच तर, आणि घोडं एकटंच आलं तर

रिकामं घोडं दारात आलं की आधी कुणीतरी एकानं ते धरायचं आणि बाकीच्यांनी ठरलेल्या वाटेनं उलटं निघायचं. वाट ठरलेली असण्याचा खरा फायदा इथं होतो. लेकरू उठत नसेल, मान किंवा पाठ दुखते म्हणत असेल, हातापायाला मुंग्या येत असतील तर उचलून मोटारसायकलवर मधे बसवून दवाखान्यात नेऊ नका, हलवू नका, १०८ ला फोन करा. हेल्मेट ओढून काढू नका. चालतं-बोलतं असलं तरी डोकं आपटलं असेल तर उलटी, झोपाळूपणा, तेच तेच विचारणं, वाढती डोकेदुखी ह्यातलं काही दिसलं की थेट हॉस्पिटल, आणि दिवसभर लेकरू एकटं ठेवायचं नाही. "लगेच परत बसवा, भीती मोडते" असं सांगणारे चार जण असतातच. साधं खरचटलं असेल तर बसू द्या हवं तर. डोक्याला लागलं असेल तर त्या दिवशी नाही, आणि पुढं कधी ते डॉक्टर सांगतील.

सुटलेल्या घोड्याच्या मागं लेकरानं पळायचं नाही. ते घरी येतं.

आणखी एक, परवानगी दिली म्हणजे कायमची दिली असं समजू नका. दहावीच्या परीक्षेसाठी लेकरू दोन महिने घोड्यावर बसलं नाही, घोडं मात्र दावणीला उभं राहून हरभरा खातंय, तर पहिल्या दिवशी ते घोडं तेच घोडं नसतं. आधी चंदी कमी करा, दोन-चार दिवस लांब दोरीवर गोल फिरवा, मग मोठ्या माणसानं एक फेरी मारावी, मग लेकराला अर्ध्या किलोमीटरच्या टप्प्यापासून परत सुरू करू द्या. नवीन नाल मारल्यावर, घोडी आजारातून उठल्यावर, नवीन खोगीर आणल्यावरही असंच, पहिली फेरी मोठ्याची.